औषध घेणे म्हणजे अविश्वास का?



मागे एका रविवारी मिस्सानंतर इंदापूरकडच्या एक भगिनी चर्चच्या दारात थांबल्या. लग्नाला सहा वर्षे झाली, मूल नाही. बारामतीच्या डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. चिठ्ठी पर्समध्येच होती, गोळ्या आणल्या नव्हत्या. घरच्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे, "मूल देणारा देव. त्याच्या कामात हात घालू नये." त्यांनी हळूच विचारले, "फादर, ह्या गोळ्या घेतल्या तर पाप लागेल का?"

प्रथम ह्या गोळ्या काय करतात ते पाहू. काही स्त्रियांच्या अंडाशयातून दर महिन्याला बीज बाहेर पडत नाही. पीसीओएस ह्या विकारात हे विशेष आढळते. क्लोमिफेन ही गोळी मेंदूला इस्ट्रोजेन ह्या संप्रेरकाची चाहूल लागू देत नाही. ते कमी पडले असे समजून मेंदू अंडाशयाला जोराची हाक पाठवतो आणि बीज पक्व होऊ लागते. लेट्रोझोल ते संप्रेरक तयार होणेच काही दिवस कमी करते, परिणाम तोच. भारतात तिच्या ह्या वापरावर २०११ साली बंदी आली होती, ती २०१७ साली उठली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात पीसीओएस असलेल्या ७५० स्त्रिया होत्या. लेट्रोझोल घेणाऱ्या २७.५ टक्के आणि क्लोमिफेन घेणाऱ्या १९.१ टक्के स्त्रियांना मूल झाले. म्हणजे बऱ्याच जणींना झाले नाही, हेही लक्षात ठेवावे. जुळ्यांची शक्यताही वाढते. म्हणून शेजारणीच्या सांगण्यावरून नव्हे, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ह्या गोळ्या घ्याव्यात.

आपल्या शेतकऱ्याला हे लगेच कळेल. नीरा डाव्या कालव्याला आवर्तन सुटले आणि चारीत गाळ साचलेला असला, तर तो गाळ काढतो. म्हणून पाणी त्याने निर्माण केले असे होत नाही. आणि "देवाच्या मनात असेल तर येईल पाणी" असे म्हणून तो बांधावर बसूनही राहत नाही.

ख्रिस्तसभेची शिकवण हीच आहे. २००८ सालच्या 'दिग्नितास पर्सोने' ह्या दस्तऐवजात गर्भधारणेतील अडथळे दूर करणारे उपचार योग्य मानले आहेत, आणि त्यांत संप्रेरकांच्या उपचारांचा स्पष्ट उल्लेख आहे. पती-पत्नीच्या मीलनाला साहाय्य करणारे औषध चालते. त्या मीलनाची जागा प्रयोगशाळेने घ्यावी, हे मात्र ख्रिस्तसभा मान्य करीत नाही. मूल ही घडवून घेण्याची वस्तू नव्हे, देणगी आहे. तरीही त्या मार्गाने जन्मलेले बाळही देवाचेच लेकरू आहे, हे कोणी विसरू नये.

मग पाप कुठे आहे? आम्हांला वाटते, ते गोळीत नसून आपल्या बोलण्यात असू शकते. कारण अनेकदा पुरुषात असते, पण तपासणी सुनेचीच होते. प्रत्येक स्नानसंस्काराच्या वेळी "तुमची काही गोड बातमी?" असे तिलाच विचारले जाते.

हन्ना शिलोच्या मंदिरात ओठांतल्या ओठांत प्रार्थना करीत होती, तेव्हा एली याजकाला ती दारू प्यालेली वाटली. दुःख ओळखण्यात याजकच चुकला! आम्हीही पूर्वी "विश्वास ठेवा, प्रार्थना करा" एवढे सांगून मोकळे होत होतो. आमचीही ती चूकच होती.

त्या भगिनींना आम्ही सांगितले, "गोळी घ्या, प्रार्थनाही करा, आणि पुढच्या वेळी दवाखान्यात पतीलाही सोबत न्या." त्यांना मूल होईल की नाही, हे आम्हांला ठाऊक नाही. न झाले, तरी त्यांचा विवाह अपुरा ठरत नाही आणि त्यांच्यावरचे देवाचे प्रेम तसूभरही कमी होत नाही. हे त्यांना आपल्या वागण्यातून कळावे, एवढी जबाबदारी मात्र आपल्या साऱ्या धर्मग्रामाची आहे.

तुमचे धर्मगुरू