प्रार्थनेत कुणी आठवलं तर?

आजचं वाचन : मत्तय ५:२०-२६ (उपवासकाळाचा पहिला आठवडा, शुक्रवार)



आजच्या शुभवर्तमानात एक छोटीशी गोष्ट पटकन नजरेतून सुटते. माणूस वेदीपाशी उभा आहे, अर्पण समोर आहे आणि तिथे त्याला काहीतरी आठवतं. आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, हे. येशू त्याला अर्पण तिथेच सोडून आधी भावाकडे जायला सांगतो. गंमत अशी की याचा भावावर राग नाहीये, भावाची याच्याबद्दल तक्रार आहे. आणि ती याला घरी किंवा बाजारात नाही, नेमकी देवासमोर आठवते.

हे बोलणं गालीलातलं. मंदिर यरुशलेमेत, शंभराहून जास्त किलोमीटर लांब, म्हणजे पायी काही दिवसांची वाट. एवढं चालून गेलेल्या माणसानं अर्पण तिथेच ठेवायचं, गावी परतायचं, समेट करायचा आणि पुन्हा एवढंच चालत यायचं! ऐकणाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं असणार.

आता आपलं बघा. या उपवासकाळात तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माझ्यासारखीच मौनप्रार्थना सुरू केली आहे. डोळे मिटायचे, एक पवित्र शब्द निवडायचा, वीस मिनिटं देवासमोर नुसतं बसायचं. 'सेंटरिंग प्रेअर' या नावानं ही पद्धत १९७० च्या दशकात अमेरिकेत स्पेन्सर इथल्या ट्रॅपिस्ट मठात विल्यम मेनिंजर, बेसिल पेनिंग्टन आणि थॉमस कीटिंग या तीन मठवासी फादरांनी बसवली. तिचं मूळ मात्र खूप जुनं. चौदाव्या शतकातल्या एका अनामिक इंग्रज लेखकाच्या 'द क्लाउड ऑफ अननोइंग' या पुस्तकाचा तिला मोठा आधार आहे. तो लेखक तर फारच कडक. ध्यानाच्या वेळी सगळं विस्मरणाच्या ढगाखाली ढकला म्हणतो, चांगले, पवित्र विचारसुद्धा. विचार आला की त्याच्याशी भांडायचं नाही, हळूच आपल्या शब्दाकडे परत यायचं.

म्हणजे येशू म्हणतो, आठवलं तर ऊठ. आणि पद्धत म्हणते, आठवलं तर सोड. कुणाचं ऐकायचं?

माझ्यासाठी हा प्रश्न पुस्तकी नाही. आयटीतल्या अनेकांसाठी उपवासकाळ आणि अप्रेझल एकाच सुमारास येतात (देवाला विनोदबुद्धी आहे, याचा आणखी एक पुरावा). माझ्या टीममध्ये आठ जण आहेत आणि वरून आलेला नियम असा, की त्यातला एक तरी तळाच्या श्रेणीत गेलाच पाहिजे. शीट मंगळवारी द्यायची आहे. राखेच्या बुधवारपासून आजचा दहावा दिवस. रोज पाचव्या-सहाव्या मिनिटाला एकच नाव येतं. तो वर्षाच्या मध्यात दुसऱ्या प्रोजेक्टवरून आमच्याकडे आला आणि सहा महिने इतरांचे बग निस्तरत बसला. आकड्यांत तो मागे दिसतो. मी शब्दाकडे परततो, नाव पुन्हा येतं.

माइस्टर एकहार्ट या जर्मन संतपुरुषानं म्हटलंय की एखादा पौलासारखा समाधीत असला आणि कुणा आजाऱ्याला त्याच्याकडून वाटीभर सूप हवं असलं, तर त्यानं समाधी सोडून उठावं हेच बरं. पटतं. पण तो आजारी बाहेर आहे, दारात आहे. माझा माणूस माझ्या डोक्यात आहे, आणि डोक्यात मी त्याची सेवा करत नसतो. मी वाक्यं जुळवत असतो. त्याला कसं सांगीन, तो काय म्हणेल, मी किती न्यायी दिसेन. तिथे मध्यभागी मीच असतो, तो निमित्त. म्हणून वाटतं, त्या अनामिक लेखकाचं बरोबर आहे. त्या वीस मिनिटांत जे सोडायचं असतं तो माणूस नसतो, माझं वकीलपत्र असतं.

पण इथेच थांबून 'सोडून दिलं, शांत वाटलं' म्हणणाऱ्यांची मला भीती वाटते. म्यूटचं बटण बोलणारा कोण ते बघत नाही. ईएमआयची काळजी जितक्या सहज विरते तितक्याच सहज देवाचा निरोपही विरू शकतो. आजच्याच उताऱ्यात येशू रागाला आणि शिवीला खुनाच्या रांगेत बसवतो. तळाच्या श्रेणीत नाव टाकायला तर रागसुद्धा लागत नाही. ते अगदी प्रसन्न मनानं, श्वास संथ ठेवून करता येतं.

काल थोडं वेगळं झालं. नाव आलं, पण वाक्यांशिवाय. तो फक्त दिसला, कँटीनमध्ये डबा उघडताना. श्रेणी नाही, शीट नाही. आणि टायमर वाजल्यावर एवढंच वाटलं की त्याचं वर्ष कसं गेलं ते त्याच्या तोंडून ऐकावं. हा देव कशावरून, नुसती सद्सद्विवेकबुद्धी कशावरून नाही, असं कुणी विचारेल. इंजिनिअर माणूस आधी लॉग शोधतो. इथे लॉग नाही. एवढंच सांगू शकतो की माझी सद्सद्विवेकबुद्धी बहुतेक वेळा माझ्याच आवाजात, माझ्याचविषयी बोलते. हे तसं नव्हतं.

देवाशी जवळीक म्हणजे काहीतरी गोड जाणवणार, अशी आपली समजूत असते. पण एखाद्याच्या घरी जाणं-येणं वाढलं की काय होतं? त्याची माणसं ओळखीची होतात. त्यांची दुखणीखुपणी कानावर येतात, मग ती टाळता येत नाहीत. 'गुडघे कमी टेका, काम जास्त करा' म्हणणारे माझे काही मित्र आहेत. त्यांचं अर्धंच पटतं. तो माणूस वेदीपाशी गेलाच नसता तर त्याला भाऊ आठवला असता का? आणि येशू त्याला परत येऊन अर्पण करायलाही सांगतो, ते आपण वाचताना गाळतो.

प्रार्थना करू या.

प्रभू येशू, सोमवारी सकाळी मी त्याला चहाला बोलावलं आहे. तळाच्या रकान्यात कुणाचंच नाव देणार नाही असं वर सांगायची वेळ आली, तर त्याचा हिशेब माझ्याकडून घेतला जाईल, हे मला ठाऊक आहे. माझी पाठ केलेली वाक्यं तेवढी काढून घे. तो बोलेल तेव्हा मला गप्प बसता येऊ दे. आमेन.