वारूळ आणि कोंबडी

पेडण्यातील धारगळसारख्या गावात परसातली कोंबडी वाळवी वेचते, तेव्हा पापपुण्याचा प्रश्न कोणी काढीत नाही. मात्र वाळवीचे तेच वारूळ गोव्यात सातेरी म्हणून पूजिले जाते.

आता ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या उष्ट्याखरकट्यावर वाढवून, वाळवून कोंबडीखाद्यात मिसळतात. युरोपीय संघाने २०२१ मध्ये कोंबडीखाद्यात कीटकांची प्रथिने वापरण्यास अनुमती दिली. सोयापेंड आणि मासळीची भुकटी यांची गरज त्याने कमी होते, हा लाभ खराच. परंतु परसात मारणारी कोंबडी होती. येथे जन्मास घालणारे आणि मारणारे आपणच. म्हणून ही रीत स्वीकारताना त्या जीवांना निदान झटपट मरण देणे आपल्यावर बंधनकारक ठरते.

त्यांची वेदना सिद्ध झालेली नाही, असे कोणी म्हणेल. वारुळापुढे हात जोडताना आपल्या पूर्वजांनी तरी कोठे पुरावा मागितला होता?