गरज, सोय आणि ऋणानुबंध

'ऋणानुबंध' या शब्दाने स्नेहाच्या मुळाशी ऋण मानले आहे. माणसे परस्परांचे काही देणे लागतात, म्हणून ती एकमेकांशी बांधली जातात, अशी ही धारणा. संगणकाच्या जाळ्यावर अनेकांनी एकत्र खेळावयाच्या खेळांत या धारणेची कसोटी लागते; कारण तेथे कोणाला कोणाची गरज पडावी, हे खेळाच्या रचनाकाराने ठरविलेले असते.

२००४ साली आलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळातील भुयारी मोहिमा पाच जणांनी मिळून पार पाडावयाच्या असतात. एकाने शत्रूचे प्रहार अंगावर घ्यावयाचे, एकाने जखमा भरून काढावयाच्या, उरलेल्या तिघांनी शत्रूवर तुटून पडावयाचे. प्रारंभी हे सहकारी आपल्याच सर्व्हरवरील लोकांतून स्वतः शोधावे लागत. हाका घालणे, वाट पाहणे आणि दूरच्या प्रवेशद्वारापर्यंत प्रवास करणे यांत बराच वेळ जाई. परंतु त्या वेळातच ओळखी होत. मोहीम अर्ध्यावर टाकून जाणाऱ्याची अपकीर्ती पसरे. मन लावून उपचार करणाऱ्याचे नाव लक्षात राही, कारण त्याची पुन्हा गाठ पडण्याचा संभव असे.

डिसेंबर २००९मध्ये या खेळात स्वयंचलित जुळणी आली. निरनिराळ्या सर्व्हरांवरील पाच अनोळखी खेळाडू यंत्रणेने एकत्र आणावेत, थेट भुयारात पोहोचवावेत आणि काम होताच ते पांगावेत, असा क्रम रूढ झाला. 'गरज सरो, वैद्य मरो' ही म्हण जणू रचनेचाच नियम बनली. खेळाडू अधिक कृतघ्न झाले, असे म्हणता येणार नाही. कृतज्ञतेला लागणारा अवधी आणि पुनर्भेटीची शक्यता मात्र उरली नाही.

तथापि जुन्या गैरसोयीचे उदात्तीकरणही योग्य नव्हे. नोकरी-संसारातून ज्याच्या हाती जेमतेम तासभर उरे, किंवा ज्याच्या ओळखी नसत, तो त्या व्यवस्थेत दाराबाहेरच राही. सोयीने त्याला आत घेतले. शिवाय उपयुक्ततेवर उभी असलेली मैत्री उपयोग संपताच विरते, हे अ‍ॅरिस्टॉटलने फार पूर्वीच दाखविले आहे. मग सक्तीच्या गरजेतून जुळलेल्या नात्याला मैत्री म्हणावे काय?

२०१२ सालचा 'जर्नी' हा खेळ या प्रश्नाची दुसरी बाजू दाखवितो. त्यात वाटेत एखादा अनोळखी सहप्रवासी भेटतो. प्रवासात त्याचे नाव कळत नाही, त्याच्याशी शब्दाने बोलता येत नाही. केवळ एक नाद उमटविता येतो. घडणीच्या काळात खेळाडू परस्परांना ढकलू लागल्यावर रचनाकारांनी ती शक्यताच काढून टाकली. जवळ आल्याने दोघांनाही शक्ती मिळेल, अशी योजना केली. जेथे अपाय करणेच अशक्य आहे, तेथील सौजन्याला नैतिक मूल्य कितपत, अशी शंका येथे रास्त ठरते. परंतु हा प्रवास एकट्यानेही पूर्ण करता येतो. म्हणूनच मागे राहिलेल्यासाठी थांबणे, हे तेथे सर्वस्वी खेळाडूचे स्वतःचे कृत्य ठरते.

गरज माणसांची गाठ घालून देते. तिच्या पलीकडे टिकते ते नाते. रचनाकाराला ते निर्माण करता येत नाही. त्यासाठी लागणारा वेळ आणि ओळख हिरावून घ्यावयाची की राखावयाची, एवढेच त्याच्या हाती असते. आणि ती जबाबदारी लहान नव्हे. वैद्याची गरज सरल्यावरही त्याच्यासाठी थांबावे, हा निर्णय अखेर खेळणाऱ्याचाच.