बाहेरचा खुंट

दिंडोरी तालुक्यात एक द्राक्षबागायतदार होता. त्याच्या लेकीने कृषी पदवीची अखिल भारतीय प्रवेश परीक्षा दिली आणि कोइमतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठात तिला जागा मिळत होती. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातही नंबर लागण्यासारखा होता. बापाने मात्र निकालाच्याच दिवशी कोइमतूरचे पेढे वाटले. लांबचं ते चांगलं, असं त्याचं मत. (लांबचं जवळून कुणी पाहिलेलं नसतं, म्हणून ते चांगलंच राहतं.)

लेकीने हिशेब मांडला. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या पात्र मुलींना २०२४-२५ पासून महाराष्ट्रात व्यावसायिक पदवीचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ. राज्याची हद्द ओलांडली की ही माफी गेली. बाहेर शिकणाऱ्यांना भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची राष्ट्रीय प्रतिभा शिष्यवृत्ती असते, तिचा हातभार लागला असता. तरी फी, मेस, रेल्वेचं भाडं धरून चार वर्षांचा आकडा मोठाच होता.

"एक हंगाम त्यात घालू," बाप म्हणाला.

आजी बागेतच बसली होती. "आपण डॉगरिजच्या खुंटावर कलम का केलं रे?"

"विहिरीचं पाणी खारं झालं. थॉमसनची वेल स्वतःच्या मुळावर तग धरेना."

"अन् तुझ्या बापाच्या वेळेला?"

"तेव्हा पाणी गोडं होतं. नुसती काडी लावायचे."

"मग झालं तर. आपली मुळी कमी पडते तिथं बाहेरचा खुंट घ्यावा. पडत नसेल तर उगा खर्च."

लेक दोन्हीकडचे अभ्यासक्रम काढून बसली. विषय जवळजवळ तेच, कारण पदवीचा आराखडा देशभर परिषदेच्याच समितीने ठरवलेला. द्राक्षाचं म्हणावं, तर राष्ट्रीय संशोधन केंद्र १९९७ पासून पुण्याजवळ मांजरीला आहे आणि द्राक्षं परदेशी धाडणारी सह्याद्री फार्म्स याच तालुक्यात, मोहाडीला.

"पण आजी, तिथं नवी भाषा, नवी माणसं भेटली असती."

"भेटली असती की. त्याचंही मोल आहे. पण ते एका हंगामाएवढं आहे का, ते तू सांग."

लेकीने रात्रभर विचार केला. सकाळी म्हणाली, "पप्पा, पदवी राहुरीची घेते. एम.एस्सी.ला एखादा विषय असा निघाला, की त्याची प्रयोगशाळा आणि शिकवणारी माणसं आपल्याकडे नाहीतच, तर तेव्हा हे पैसे काढू. मग कोइमतूर काय, लुधियानाही चालेल."

बापाला पटलं, पण चेहरा उतरलेलाच. "आता गावात काय सांगू? सगळ्यांना पेढे देऊन बसलोय."

"पेढे पोरगी पास झाली त्याचे होते," आजी म्हणाली, "रेल्वेच्या तिकिटाचे नव्हते. ऊठ, फवारणीचं माणूस आलंय."