अर्धा कोयता

ऊसतोडीचा मुकादम घरातली माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटं माणूस म्हणजे अर्धा. बीड जिल्ह्यात धारूर-वडवणीच्या डोंगरपट्ट्यात एका वस्तीवर जिजीचं घर होतं, त्या घरात तीन कोयते होते. तीन लेक, तीन सुना. सात नातवंडं आणि खुद्द जिजी या मोजणीत कुठंच नव्हती.

जिजीचा जन्म निजामाच्या राज्यातला. सन तिला ठाऊक नाही. पोलीस ॲक्शन झाली त्या साली, म्हणजे 1948 ला, आईनं कडेवर घेऊन रानात लपवलं होतं, एवढंच ती सांगे. तेराव्या-चौदाव्या वर्षी लग्न झालं. 1972 च्या दुष्काळात पदरी लेकरं असताना तिनं रस्त्याच्या कामावर खडी फोडली. रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो मिळायचा, त्याची भाकर थापताच चिरायची. "परदेशी धान, त्याला आपल्या तव्याची वळख न्हाई," असं म्हणत ती तशीच भाजायची. दुष्काळ सरला, पण कोरडवाहू चार एकरांवर घर काही चालेना. मग नवऱ्याबरोबर तिनं कोयता धरला. सातारा-सांगलीकडचे फड, थंडीतल्या पहाटे डोक्यावर मोळी, उसाच्या पाचटाची कोपी. धाकटा लेक अशाच एका कोपीत जन्मला. बाळंतपणानंतर किती दिवसांनी फडात उतरलीस, असं कुणी विचारलं की ती विषय बदलायची.

नवरा गेला, कंबर गेली, आणि जिजी घरी राहिली. घरी राहिली म्हणजे काय, ते सांगितलंच पाहिजे. दिवाळीच्या सुमारास ट्रक भरून माणसं गेली की गुढीपाडव्यापर्यंत वस्तीवर म्हातारी माणसं आणि लेकरं उरतात. सात लेकरांना उठवायचं, पाणी भरायचं, शेळ्या सोडायच्या, भाकरी करायच्या, शाळेत धाडायचं. मास्तर गैरहजेरी मांडेल म्हणून एखाद्याला ओढत न्यायचं. रात्री कुणाला ताप भरला तर कपाळावर ओल्या फडक्याच्या पट्ट्या ठेवत बसायचं. आणि वयात येणारी नात घरात असेल तर झोपायचं नाही, नुसतं पडून राहायचं. ज्या घरात अशी म्हातारी नसते त्या घरातली लेकरं फडावर जातात, त्यांची शाळा मोडते आणि पुढं त्यांच्याही हाती कोयताच येतो.

पंधरा-सोळा वर्षांमागं दसरा झाल्यावर उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, वाटली गेली आणि लेकांत कुरबुर सुरू झाली. मायला ज्वारीचं पोतं कुणी ठेवायचं? थोरला म्हणाला, मागच्या साली मी ठेवलं. मधला म्हणाला, माझी दोनच लेकरं हायेत. धाकटा म्हणाला, म्हातारीला लागतंय किती? जिजी चुलीपुढं बसून सगळं ऐकत होती.

निघायच्या दिवशी ट्रकमध्ये भांडी, ताडपत्री, कोंबड्या चढल्या. पाठोपाठ जिजी गठुडं घेऊन चढली आणि पोत्यावर बसली.

"माय, तू कुठं?"

"फडात. हितं माझं काय काम? तुमच्या हिशेबात म्या नुसतं खाणारं तोंड. मुकादम, माझा अर्धा कोयता लाव."

मुकादम हसला. "आन लेकरं, मावशी?"

"ज्याची त्यानं घ्यावी."

ट्रक उभाच राहिला. लोक काय म्हणतील, असं थोरल्यानं म्हणून पाहिलं, धाकटा चिडला. मुकादमाला मात्र उशीर होत होता. तो म्हणाला, "हे बघा, एखादी सून मागं ठेवा. पर मग एक कोयता मोडला. त्याची अर्धी उचल आत्ताच माघारी टाका."

उचलीतले पैसे तर दुकानदाराच्या वहीत केव्हाच गेले होते. तेव्हा मुकादमापुढं कधी तोंड न उघडणारी मधली सून बोलली. "म्हंजे आत्याबाई मागं राहत्यात म्हणून आपले तीन कोयते पुरे होत्यात. तर मग त्यांचा अर्धा कोयता आपणच धरावा."

पुरता अर्धा काही कुणी धरला नाही. घासाघीस झाली. शेवटी दर कोयत्यामागं ठरावीक रक्कम, ट्रक हलायच्या आधी, जिजीच्या हातात, असं ठरलं. तरी ती उतरेना. म्हणाली, "ज्वारी येगळी. ती लेकरांची." तेही कबूल करून घेऊन मग उतरली.

पुढं वस्तीवर पुष्कळ दिवस चर्चा चालली. आईनं पोटच्या पोरांशी असा व्यवहार करावा का? मला तर वाटतं, आईच्या मायेला मोल नसतं, हे आपण बहुधा मोल द्यावं लागू नये म्हणूनच म्हणतो. जिजीची माया त्या दिवशी तसूभर कमी झाली नव्हती. संध्याकाळी सात लेकरांच्या भाकरी तिनंच थापल्या.

ते पैसे तिनं पोस्टात टाकले, दर साली. थोरली नात पंधराची झाली तेव्हा स्थळ आलं. हंगामाआधी लग्न उरकलं की नवी जोडी, नवा कोयता, नवी उचल. त्या पट्ट्यात कैक पोरींची लग्नं अशीच लागतात. "पोरीला घरी कुणाच्या भरवशावर ठेवू?" थोरल्यानं विचारलं. "इतकी वर्सं कुणाच्या भरवशावर ठेवत होतास?" जिजी म्हणाली आणि पासबुक पुढं केलं. पोरगी अंबाजोगाईला वसतिगृहात राहिली, बारावी झाली, नर्सिंग शिकली. पहिल्या पगारातून तिनं आजीला कमरेचा पट्टा आणला. तो जिजीनं दोन दिवस बांधला आणि खुंटीला अडकवला.

2024 च्या जानेवारीत ऊसतोडीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली, टनाला 273 चे 366 रुपये. थोरला फडावर होता, त्यानं फोन करून सांगितलं. जिजीच्या मांडीवर तेव्हा परतवंड होतं.

"आन मागं राहणाऱ्याचं?" तिनं विचारलं.

"त्याचं कुठं काय असतंय, माय."

"मग आपलं आपण वाढवा. चौतीसच वाढवा, जास्ती नगं."

थोरला नुसताच हसला. पलीकडून मधल्या सुनेचा आवाज आला, "आत्याबाई, फोन ठिवू नका, हिशेब करून सांगते."