तीर्थाचे उगमस्थान

॥ श्री ॥

देवदर्शन झाल्यावर भाविक उजव्या हाताचा तळवा पुढे करतो आणि पुजारी त्यावर पळीभर पाणी घालतात. त्या पाण्यास तीर्थ म्हणतात, आणि ज्या क्षेत्री ते प्राप्त होते त्या स्थानासही तीर्थच म्हणतात. पूर्वसूरींनी दोहोंसाठी एकच शब्द योजला, कारण पाण्यावाचून क्षेत्र संभवत नाही. परंतु तीर्थ प्राशन करताना ते आले कोठून, हा विचार सहसा मनात येत नाही. रायगडच्या किनारपट्टीवरील अनेक देवस्थानांच्या बाबतीत त्याचे उत्तर मंदिरामागील डोंगरात आहे.

गंगावतरणाची कथा सर्वांस परिचित आहे. भगीरथाच्या तपाने गंगा प्रसन्न झाली. परंतु स्वर्गातून कोसळणारा तो प्रवाह पृथ्वीला सोसवला नसता. म्हणून श्रीशंकरांनी तो आपल्या जटेत धारण केला आणि हळुवार धारेने भूमीवर सोडला. गंगा आणणे हे जितके मोठे कार्य, तितकेच तिला धारण करणे हेही मोठे कार्य, असा या कथेचा बोध आहे.

कोकणात हे गंगावतरण दर वर्षी घडते. रायगड जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडून जातो. डोंगर उघडा असेल तर हे पाणी माती घेऊन काही तासांत खाडीला मिळते आणि चैत्र-वैशाखात गावास घोटभर पाण्यासाठी वणवण करावी लागते. डोंगरावर रान असेल तर पावसाचा मारा पानांवर झेलला जातो, जमिनीवरील पाचोळा पाण्याचा वेग रोखतो, मुळांच्या वाटांनी ते मातीत व जांभ्या दगडात मुरते आणि पुढे अनेक महिने झऱ्यारूपाने पाझरत राहते. हे रान म्हणजेच या भूमीवरील शिवाची जटा होय.

पूर्वजांनी हे शास्त्र श्रद्धेच्या रूपाने जपले. गावोगावी देवाच्या नावाने रान राखून ठेवले, तीच देवराई. तेथे कुऱ्हाड चालवायची नाही, वाळले लाकूडही घरी न्यायचे नाही, असा दंडक असे. सातवीण, बेहडा, जांभूळ यांसारखे जुने वृक्ष आणि त्यांवर चढलेल्या गारंबीच्या वेली अशा रानांतून टिकून राहिल्या.

या श्रद्धेचे फळ दाखविणारा एक प्रसंग हरिहरेश्वर ज्या श्रीवर्धन तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील गाणी या गावचा आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी, जिल्ह्याचे नाव कुलाबा असताना, तेथील श्री काळकाई देवीच्या राईवर वृक्षतोडीचे संकट आले. डॉ. माधव गाडगीळ आणि डॉ. वा. द. वर्तक हे शास्त्रज्ञ त्या काळी देवरायांचा अभ्यास करीत होते. ग्रामस्थांनी त्यांच्याकडे साहाय्य मागितले. राई तुटली तर तिच्यातून उगम पावणारा गावचा ओढा आटेल, हे त्यांचे सांगणे होते. अखेर ती राई वाचली. देवीचा मान आणि गावाचे पाणी या दोन गोष्टी ग्रामस्थांच्या लेखी वेगळ्या नव्हत्या.

आज ही जाण अधिक आवश्यक झाली आहे. डोंगरातील झरे क्षीण झाले आणि विहिरींचा उपसा वाढला की किनाऱ्यालगतच्या गोड्या पाण्यात समुद्राचे खारे पाणी शिरते. नारळी-पोफळीच्या वाड्यांना ते घातक ठरते. हरिहरेश्वराजवळ सागरास मिळणारी सावित्री महाडवरून वाहत येते. त्याच महाड तालुक्यातील तळिये येथे २२ जुलै २०२१ रोजी अतिवृष्टीत दरड कोसळून ८० हून अधिक जीव गेले. दरडी कोसळण्याची कारणे अनेक असतात. पाऊस आणि खडक मनुष्याच्या अधीन नाहीत; उतारावरील झाडे राखणे मात्र निश्चितच त्याच्या हाती आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यावरील असंख्य वृक्ष भुईसपाट केले. ती हानी भरून काढण्यास एक पिढी लागेल.

येथेच देणगीदार भाविकांनी विचार करावा असा एक विषय आहे. मंदिराचा जीर्णोद्धार हे पुण्यकर्म खरेच. परंतु सभामंडप वाढविण्यासाठी शंभर वर्षांचा वृक्ष तोडला, प्रांगणातील सर्व माती फरशीखाली बुजविली आणि झऱ्याच्या माथ्यावर वाहनतळ केला, तर देवाला घर मोठे मिळते आणि अभिषेकाचे पाणी मात्र टँकरने आणावे लागते. मत्स्यपुराणात विहिरीपासून आरंभलेली पुण्याची चढती श्रेणी वृक्षापाशी येऊन थांबते आणि एक वृक्ष दहा पुत्रांसमान मानला जातो. कळसासाठी दिलेले दान दुरून दिसते. झऱ्याभोवतीचे रान राखण्यासाठी, वणवा रोखण्यासाठी, लावलेले रोप पाच वर्षे जगविण्यासाठी दिलेले दान दिसत नाही. परंतु नित्य अभिषेकाच्या प्रत्येक धारेत ते असते.

यात्रेकरूंकडून फार मोठी अपेक्षा नाही. राईत प्लास्टिक टाकू नये, ओढ्यात साबण वापरू नये, निर्माल्य नेमल्या जागीच ठेवावे, पायवाट सोडून उतारावर चढू नये आणि उन्हाळ्यात रानात विस्तव पेटवू नये. भगवंताने गीतेच्या नवव्या अध्यायात भक्ताकडे पान, फूल, फळ आणि पाणी एवढेच मागितले आहे. या चारही वस्तू डोंगराच्या कृपेनेच मिळतात.

परतीच्या वाटेवर भाविकांनी एकवार मंदिरामागील डोंगराकडेही हात जोडावेत. तळहातावरील तीर्थ पुढील पिढ्यांनाही त्याच झऱ्याचे लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥