वाकळ आणि पिशवी

सुलतान बाजारातल्या आमच्या जुन्या घरात सासूबाईंनी शिवलेली एक वाकळ होती. नऊवारी लुगड्यांचे पदर, मामंजींची विरलेली धोतरे, मुलींची आखूड झालेली परकर-पोलकी, सारे तिच्यात टाके घालून बसवलेले. शेजारच्या तेलुगु काकू तिला 'बोंता' म्हणत. पांघरताना कोणता तुकडा कोणाचा, हे आम्ही बोटाने दाखवत असू. त्या काळी पुनर्वापर हा शब्द घरात कोणी उच्चारला नव्हता. टाकायचे ते काय, हाच प्रश्न होता.

आज त्याच भागात वस्तूंपेक्षा वेष्टने जास्त झाली आहेत. 1933 साली ब्रिटिश रेसिडेन्सीच्या ताब्यातून निजामाकडे परत आलेला हा बाजार, 2020 पासून डोक्यावरून मेट्रो धावते आहे, आणि खाली पायांत पिशव्या अडकतात. पहिला मोठा पाऊस झाला की त्यातल्या कितीतरी मुसीच्या वाटेला लागतात.

पुण्यात काही मंडळींनी या पिशव्यांवर एक सुंदर उपाय शोधला आहे. पिशव्या आणि वेफर्सची पाकिटे धुऊन वाळवायची, कापून लांब पट्ट्या करायच्या, चरख्यावर गुंडाळायच्या आणि हातमागावर विणायच्या. वितळवणे नाही, भट्टी नाही. वेफर्सच्या पाकिटात प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना असे चिकटलेले असतात की भंगारवाला त्याला हात लावत नाही; चरख्याला मात्र ते चालते. अशी एक पिशवी माझ्या भाचीने मला पाठवली. मी ती अभिमानाने बाजारात मिरवली. लोक विचारत, मी सांगत असे.

त्याच उत्साहात दिवाळीच्या साफसफाईला मी वर्षभराच्या दुधाच्या पिशव्या, तेलाची पाकिटे एका पोत्यात भरली आणि कचरा वेचणाऱ्या बाईला दिली. दान केल्यासारखी दिली, हे आज कबूल करते. तिने पोत्याचे तोंड उघडले. आंबलेल्या दुधाचा भपकारा आला. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "अम्मा, हम भी इन्हीच हाथां से खाते." आणि अंगणातल्या नळाखाली एकेक पिशवी धुवायला बसली. मी वर, जिन्यात उभी होते.

'इन्हीच' मधला तो 'च' आपल्या मराठीचाच, दखनीने उचललेला. माझ्याच भाषेतले अक्षर माझ्याकडे परत आले, म्हणून ते जास्त लागले असेल.

त्या दिवसापासून एक प्रश्न मला सोडत नाही. टाकाऊतून उपयोगी वस्तू झाली, म्हणजे टाकणाऱ्याचा दोष फिटला का?

हिशेब पाहिला तर फिटत नाही. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार 1950 ते 2015 या काळात जगात सुमारे 830 कोटी टन प्लॅस्टिक तयार झाले. त्यातल्या सुमारे 630 कोटी टनांचा कचरा झाला आणि पुनर्वापरात आले ते त्याच्या जेमतेम 9 टक्के. शिवाय प्लॅस्टिक वितळवावे तसे त्याचे बळ घटत जाते. विणलेली पिशवीही एक दिवस फाटणारच. 'त्याचे काहीतरी होते' या समाधानात आपण दोन पिशव्या अधिक घेतो, हेही खोटे नाही. पापाला प्रायश्चित्ताची सोय आधीच करून ठेवली की पाप हलके वाटू लागते.

मग हे प्रयत्न व्यर्थ का? मला तसे वाटत नाही. पण त्यांचे मोल पिशवीच्या सुबकपणात शोधू नये. वाकळीत टाकणारा आणि शिवणारा एकाच ओसरीवर बसत. आपले जुनेर कोणाच्या हातात जाते हे ठाऊक असल्याने ते धुऊन दिले जाई. प्लॅस्टिकने ही ओळख तोडली. कचऱ्याचा डबा दाराबाहेर ठेवला की पुढचे हात आपल्याला दिसत नाहीत. नव्या वस्तूचे कौतुक होते, त्या हातांचे होत नाही.

म्हणून मला 1993 साली पुण्यात उभी राहिलेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत मोठी वाटते. कचरा वेचणाऱ्यांनी तिथे स्वतःला कामगार म्हणवून घेतले, ओळखपत्र मागितले. पुढे 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था झाली. दारात येणाऱ्या बाईला घरटी महिन्याचे पैसे मिळू लागले. तिथे कचऱ्याआधी माणसाची किंमत ठरली. लोकांनी मिळून केलेले काम म्हणायचे ते याला. नाहीतर लोक टाकतात, चार बायका निवडतात आणि नाव सर्वांचे होते.

पिशवी घेताना आता मी आधी विचारते, हिची गरज आहे का? घेतलीच, तर दुधाची पिशवी कापताना कोपरा पुरता तोडत नाही, कारण तो कपटा कोणाच्याच हाती लागत नाही. मग ती धुते, दोरीवर वाळत घालते. सून हसते. शेजारणी विचारतात, एवढे कशाला? याने मुसी स्वच्छ होणार नाही, हे मलाही कळते.

ती बाई अजून येते. परवा तिने पोते उघडले, आत हात घातला, आणि काही न बोलता खांद्यावर टाकून निघून गेली. नळाकडे वळली नाही.